वाचकांचे प्रश्न : पत्र्याच्या गॅरेजमधला उन्हाळा

प्रश्न : नाशिकच्या सिडको भागात आमचे बैठे घर असून त्याला लागून १२ फूट बाय १८ फुटांचे गॅरेज आहे. भिंती विटांच्या, छत लोखंडी पत्र्याचे आणि शटर पश्चिमेला आहे. गाडी तिथे उभी असतेच. शिवाय निवृत्तीनंतर मी तिथेच थोडेफार सुतारकाम करतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारानंतर आत थांबवत नाही आणि संध्याकाळी सात वाजताही आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. मुलगा दीड टनाचा एसी बसवू म्हणतो, शेजारी कूलर पुरेल असे सांगतात. काय करावे?
– एक वाचक, सिडको

उत्तर : या दोन्हींच्या आधी छताचा बंदोबस्त करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. दुपारचा सगळा मारा छतावर होतो आणि उरलेला तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या बाजूवर. आपले छत सुमारे २० चौरस मीटरचे आहे. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर जवळपास १ किलोवॉट ऊन पडते, म्हणजे छतावर एकूण २० किलोवॉटच्या घरात. त्यातले सगळे आत येत नाही हे खरे. तरी दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णताच बाहेर काढू शकतो, हे लक्षात घेतले की उघड्या पत्र्याखाली तो लावणे म्हणजे विजेचे बिल वाढवणे, हे पटेल.

दुपारी तीनच्या सुमारास स्टुलावर उभे राहून तळहात पत्र्याच्या वीतभर खाली धरून पाहावा. पत्र्याला न लागताही हाताला धग जाणवेल. हीच धग दिवसभर आपल्या डोक्यावर आणि गाडीच्या टपावर येत असते आणि पंखा कितीही जोरात फिरवला तरी ती अडत नाही. म्हणून ती पत्र्याच्या वरच अडवावी. नाशिकमध्ये शेडनेट मिळवायला लांब जावे लागत नाही. शेतीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. दाट विणीची, ७५ टक्के किंवा त्याहून अधिक सावलीची नेट पत्र्यापासून फूटभर उंच, लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणून बांधावी. पत्र्यावर ती नुसती अंथरली तर निम्मा फायदा वाया जातो, कारण मधल्या फटीतून वारा वाहून गेला तरच नेटची उष्णता खाली पोहोचत नाही. वळवाच्या पावसाआधी जे वादळी वारे सुटतात त्यांत ती फाटू नये, म्हणून बांधणी पक्की हवी. नेट नको असेल तर पत्र्याचा गंज घासून, प्रायमर मारून वरून पांढरा, ऊन परावर्तित करणारा रंग द्यावा. हे काम भल्या सकाळी, पत्रा थंड असतानाच करावे. चुन्याचा उपाय स्वस्त आहे आणि स्लॅबवर उत्तम चालतो. पत्र्यावर मात्र त्याचे पापुद्रे निघतात. (छत लोखंडी नसून जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल, तर ते घासू नये, त्याला भोके पाडू नयेत, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.) आतून थर्माकोल चिकटवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. पेट्रोलची गाडी आणि लाकडाचा भुसा असलेल्या जागेत आम्ही तो देणार नाही, कारण थर्माकोल चटकन पेट घेतो.

संध्याकाळच्या उकाड्याचे कारण वेगळे आहे. पत्रा पातळ असल्याने ऊन उतरल्यावर लवकर निवतो. पण विटांच्या भिंती आणि खालचा कोबा दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात आणि शटर बंद असल्याने ती आतच कोंडते. नाशिकच्या मे महिन्यातल्या रात्री दुपारच्या मानाने पुष्कळ निवतात, त्याचा लाभ घ्यावा. मागच्या भिंतीत छतालगत जाळीची दोन झरोकी ठेवावीत आणि शटरच्या खालच्या भागात जाळीच्या पट्ट्या बसवाव्यात. गरम हवा वरून निघून जाते, खालून थंड हवा आत येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून खालची वाट सुरक्षिततेसाठीही हवीच. गॅरेजमध्ये काही पेटवण्यापूर्वी पेट्रोलचा वास नाही ना, हे पाहून मगच शटरच्या फटीशी उदबत्ती धरावी: धूर आत ओढला गेला तर वाट बरोबर झाली.

शटरवर तिसऱ्या प्रहरी बाहेरून बांबूची चीक सोडावी. बाहेरून आलेली गाडी अर्धा तास सावलीत उभी करून मगच आत घ्यावी. तापलेले इंजिन हीसुद्धा एक शेगडीच असते.

एवढे केल्यावरही दुपारी काम करायचे असेल, तर कूलर घ्यावा. मार्च ते मेमध्ये आपली हवा कोरडी असल्याने तो चांगला चालतो. मात्र तो बाहेरची हवा खेचेल असा खिडकीत बसवावा आणि झरोकी उघडी ठेवावीत. बंद खोलीत नुसती दमट हवा फिरत राहते आणि आपल्या रंध्याच्या पात्याला, पटाशीला गंज चढतो. काम संपले की हत्यारांवरून तेलाचा बोळा फिरवावा. पहिला पाऊस झाला की कूलर बंद करावा.

प्रश्न : गॅरेजमध्ये दुपारी ई-स्कूटर चार्ज केली तर चालते का? छत स्लॅबचे आहे.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : उन्हाळ्यात टाळावे. उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते आणि चार्जिंगच्या वेळी ती स्वतःही तापते. बाहेरून आल्यावर तासभर गाडी निवू द्यावी आणि पहाटे, सगळे उठलेले असताना, झरोका उघडा ठेवून चार्जिंग लावावे. चार्जर कोब्यावर मोकळा ठेवावा, गोणपाटावर किंवा कापडावर नको. स्लॅबला वरून चुना द्यावा. दर वर्षी होळीच्या सुमारास तो पुन्हा द्यावा लागेल.