अलंकार ओळखला, पुढे काय?

इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) इंग्रजी साहित्याची तयारी चालू असलेल्या घरांमधून या वेळी बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत. चौघांचंही परीक्षा मंडळ एक्यूए आणि कवितासंच ‘पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट’ (सत्ता आणि संघर्ष) आहे, म्हणून उत्तरं त्याला धरून आहेत. इतर मंडळांत गुणांची वाटणी वेगळी असते. ती शाळेत विचारून घ्या.

प्रश्न : परीक्षेला पुस्तक नेता येत नाही. संचात पंधरा कविता आहेत. मुलीने सगळ्या पाठ करायच्या का? – एक आई, रेडिंग

नाही. कविता समजलेल्या हव्यात पंधराच्या पंधरा, पण पाठ करायचं ते फार थोडं.

या विभागात प्रश्न एकच असतो, ३० गुणांचा. त्यात एक कविता पूर्ण छापून दिलेली असते. तिच्याशी तुलना करायला दुसरी कविता मुलीने संचातून निवडायची, आणि ती मात्र आठवणीतून लिहायची. छापलेली कविता कुठलीही असू शकते, त्यामुळे ‘या तीन-चारच करते’ हा हिशेब अंगाशी येतो. अवतरणं तोंडपाठ लागतात ती ‘दुसरी’ म्हणून वापरायच्या कवितांची. नीट निवडल्या तर सहा-सात पुरतात.

निवड अशी करा. एका कागदावर पंधरा शीर्षकं लिहा आणि प्रत्येकीसमोर दोन जोडीदार. शेलीच्या ‘ओझिमँडियस’समोर ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ बसते : दोन्हीकडे सत्तेचा माज आणि मागे उरलेली कलाकृती, एकीकडे पुतळा, दुसरीकडे चित्र. तिथेच इम्तियाझ धारकर यांची ‘टिश्यू’ही चालते : दगडातली सत्ता आणि पातळ कागद. (धारकर यांचं मुंबईशी जुनं नातं आहे. मुलीला ते जरूर सांगा, पण उत्तरात नको.) ज्या कविता जोडीदार म्हणून पुन्हा पुन्हा येतील, त्या तिच्या सहा-सात.

प्रत्येकीतली चार-पाच अवतरणं, प्रत्येक दोन ते पाच शब्दांचं. ‘ओझिमँडियस’मधले ‘स्नीअर ऑफ कोल्ड कमांड’ हे चार शब्द स्वतःच्या वाक्यात सहज बसतात, आणि ‘कोल्ड’-‘कमांड’मधल्या कठोर ‘क’वर लगेच बोलता येतं. दोन-दोन ओळी उतरवल्या की वेळ जातो आणि त्यातल्या एकाच शब्दावर लिहून होतं, बाकीचे वाया. पाठ करतानाही अवतरण म्हटलं की त्यातल्या एका शब्दाबद्दल एक वाक्य तिथल्या तिथे मोठ्याने बोलायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. नुसतं घोकलेलं अवतरण परीक्षेत आठवतं, पण त्याचं करायचं काय ते आठवत नाही.

प्रश्न : आम्ही शाळेत रसग्रहण शिकलो, त्यामुळे मुलाला अलंकार मी शिकवले. तो उपमा, रूपक, अनुप्रास सगळं बरोबर ओळखतो, तरी गुण कमी. शिक्षिका समासात ‘सो व्हॉट?’ लिहितात. – एक बाबा, लेस्टर

तुमची शिकवणी फुकट गेलेली नाही, अर्ध्यावर थांबली आहे. ३० पैकी १२ गुण कवीच्या तंत्रासाठी आहेत, पण ते नाव सांगण्याचे नाहीत. त्या तंत्राने वाचकावर काय परिणाम होतो, ते सांगण्याचे आहेत.

ब्लेकची ‘लंडन’ घ्या, १७९४ सालची. दुसऱ्या कडव्यात ‘एव्हरी’ हा शब्द चार ओळींत पाच वेळा येतो. ‘कवीने पुनरुक्ती वापरली आहे’ इथे मुलगा थांबतो. पुढे विचारा : पाच वेळा का? कारण सुटका झालेला एकही माणूस नाही. तान्ह्या मुलाच्या रडण्यापासून प्रत्येक मनाईपर्यंत सगळं त्यात आलं. आणि वाचताना तो शब्द ठोके पडल्यासारखा येतो, साखळीच्या कड्या एकामागून एक मोजाव्यात तसा. लगेच पुढच्या ओळीत बेड्या आहेतच : ‘माइंड-फोर्ज्ड मॅनकल्स’. आता एवढ्या दोन शब्दांवर थांबा. फोर्ज म्हणजे लोहाराने भट्टीत घडवणं. या बेड्या मनाने घडवलेल्या आहेत. पण कुणाच्या मनाने? राज्य करणाऱ्यांच्या, की मुकाट सोसणाऱ्यांच्या स्वतःच्या? दोन्ही अर्थ लागतात, आणि मुलाने ते दोन्ही मांडले की उत्तर वरच्या पायरीवर जातं.

पार्श्वभूमीचे गुण फक्त ६. फ्रेंच राज्यक्रांती १७८९ला सुरू झाली होती, हे वाक्य राजवाड्याच्या भिंतीवरून वाहणाऱ्या रक्ताच्या ओळीला जोडा. तिथे ते कामाला येतं. सुरुवातीला ब्लेकच्या चरित्राचा परिच्छेद लिहिला तर त्याला गुण देणार कशाचे?

मुलाला एक गंमत दाखवा : तिसऱ्या कडव्याच्या चार ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली तर ‘हिअर’, म्हणजे ‘ऐक’, हा शब्द तयार होतो. त्याच्या आधीचं कडवं ‘आय हिअर’वरच संपतं. पण सगळा परिच्छेद यावर उभा करू नये. एक वाक्य पुरे.

तुलनेतही हेच. ‘दोन्ही कविता सत्तेबद्दल आहेत’ हे फक्त साम्य झालं. ‘ओझिमँडियस’ सुरू होते ‘आय मेट अ ट्रॅव्हलर’ने : राजाची गोष्ट प्रवाशाकडून बोलणाऱ्याकडे, बोलणाऱ्याकडून आपल्याकडे, इतक्या लांबून येते की सत्ता पुसटच झालेली आहे. ‘लंडन’ सुरू होते ‘आय वाँडर’ने : बोलणारा त्याच रस्त्यावर चालतो आहे आणि सत्ता अजून जिवंत आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही कविता अशा समोरासमोर याव्यात. आधी एकीवर दोन पानं आणि मग दुसरीवर दोन पानं, असं केलं की तुलना शेवटच्या चार ओळींत उरकली जाते.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आलो. मराठीत लघु-गुरू मोजता येतात, पण इंग्रजीचं मीटर कळत नाही. – एक विद्यार्थी, हॅरो

तू मात्रा मोजतोस म्हणून अडतं आहे. इंग्रजीत मोजायचा तो आघात : शब्द बोलताना जोर कुठे पडतो तो. टेबलावर बोट आपटत टेनिसनची ‘हाफ अ लीग, हाफ अ लीग’ म्हण. एक जोराचा, दोन हलके, पुन्हा एक जोराचा, दोन हलके. १८५४च्या बालाक्लावाच्या लढाईतल्या घोड्यांच्या टापा तुला ऐकू येतील. उत्तरात तेवढंच लिही. या ठेक्याचं डॅक्टिल हे नाव आठवलं तर उत्तम, नाही आठवलं तरी टापांचं वाक्य गुण मिळवतं.

प्रश्न : न वाचलेली कविता आली की मुलगा घाबरतो आणि वेळ संपतो. – एक आई, स्लाव

दुसरा पेपर सव्वादोन तासांचा, ९६ गुणांचा. गद्य किंवा नाटक, कवितासंच आणि अनोळखी कविता यांना साधारण पाऊण-पाऊण तास. अनोळखी कवितांच्या पाऊण तासातली तीस मिनिटं २४ गुणांच्या पहिल्या प्रश्नाला, उरलेली ८ गुणांच्या तुलनेला. त्या ८ गुणांत फक्त दोन कवींच्या तंत्राची तुलना मागितलेली असते, तरी मुलं तिथे पुन्हा आशय सांगत बसतात आणि घड्याळ पुढे जातं.

कवितेआधी प्रश्न वाचायचा, कारण कविता कशाबद्दल आहे ते बऱ्याचदा प्रश्नातच लिहिलेलं असतं. मग शीर्षक, आणि कविता दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलने फक्त वळण शोधायचं : ‘बट’ किंवा ‘येट’, बदललेला काळ, अचानक तोकडी झालेली ओळ. वळणाच्या आधीचं एक अवतरण, नंतरचं एक, आणि शेवटच्या ओळीतलं एक. एवढ्या तीन खुणा झाल्या की लिहायला बसावं. आणि ‘कवी दुःखी आहे’ असं लिहायचं नाही; ‘बोलणारा दुःखी आहे’ असं लिहायचं, कारण कवितेतला ‘आय’ म्हणजे कवीच असेल असं नाही. ‘माय लास्ट डचेस’मध्ये बोलतो तो ड्यूक, ब्राउनिंग नव्हे.