पहिलीच्या वर्गात चित्रपुस्तकं वापरायची कशी? वाचायला घेतलं की नुसता गोंधळ होतो.

तुम्ही लिहिलंय की शाळेला चित्रपुस्तकांचा संच मिळालाय, वर्गात ३८ मुलं आहेत, पुस्तक उघडलं की मागची मुलं उठून पुढे येतात आणि "यात अभ्यास कुठंय?" असं सोबतचे शिक्षक विचारतात. मी नागपुरातच पहिली-दुसरीला शिकवते, सतरा वर्षं झाली. तुमचा प्रश्न वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं.

तेव्हा माझ्या हातात हरवलेल्या शेळीची एक साधी गोष्ट होती. सोळा पानं, पानावर एखाद-दुसरी ओळ. मी प्रत्येक चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे काय आहे?" वर्ग एका सुरात, "झाऽऽड!" "आणि हे?" "विहीऽऽर!" मला वाटलं, वा, काय प्रतिसाद आहे. सातव्या पानावर घंटा झाली, मी पुस्तक मिटलं. सगळे पळाले, एक पोट्टी तेवढी दारात थांबली. "मॅडम, मंग बकरी भेटली का?" गोष्टीच्या नावाखाली मी तासभर तक्ता घोकून घेतला होता, आणि तिला बिचारीला बकरीची काळजी लागलेली.

तेव्हापासून पहिल्या वाचनात मी काहीच विचारत नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचते. मधे कोणी बोललं तर मान डोलवायची आणि पुढे जायचं. प्रश्न दुसऱ्या दिवशी, आणि तेही ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे असे नकोत. "हे काय आहे?" यावर मूल एक शब्द बोलतं. "तो असा का बघतोय?" यावर अख्खं वाक्य बोलतं, कधी दोन.

आता गोंधळाचं. ३८ मुलांना एक पुस्तक दिसतच नाही, म्हणून ती उठतात. त्यात त्यांचा दोष नाही. वर्गाचे दोन भाग करा. अर्धी मुलं सतरंजीवर तुमच्या पुढ्यात, अर्धी मागे पाटीवर चित्र काढत किंवा मातीकाम करत. दहा मिनिटांनी अदलाबदल. पुस्तक स्वतःच्या तोंडासमोर धरू नका. खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरा. असं धरलं की ओळी तुम्हाला तिरक्या दिसतात, म्हणून घरी दोनदा मोठ्यानं वाचून या. पान उघडलं की डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा आणि उलटण्याआधी मनात पाचपर्यंत मोजा. आणखी एक बारीकशी गोष्ट, जी मला कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितली नाही: गुळगुळीत कागद खिडकीच्या उजेडात चमकतो आणि मुलांना नुसता पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडे मार्चपासून सकाळची शाळा असते, ऊन थेट आत येतं. तेव्हा बसण्याची जागाच बदलावी लागते.

एकच पुस्तक आठवडाभर घ्या. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. त्या शेळीच्या पुस्तकात जवळपास प्रत्येक पानावर शेळीची शेपटी कुठंतरी डोकावते, कधी कडब्याच्या गंजीमागून, कधी बैलगाडीखालून. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. मुलांनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, माझ्या लक्षात तिसऱ्या वाचनाला आलं. चांगल्या चित्रपुस्तकाची माझी कसोटी आता हीच आहे: शब्द एक सांगतात, चित्र त्याहून थोडं जास्त सांगतं, आणि ते जास्तीचं बोलून दाखवायला मुलाला स्वतःचे शब्द शोधावे लागतात. ज्यात चित्र म्हणजे ओळीची नुसती नक्कल असते, आणि शेवटी तात्पर्य असतं, ती पुस्तकं मी खुशाल बाजूला ठेवते.

मुलांच्या शब्दांवरून एक सांगायलाच हवं. बहुतेक मराठी चित्रपुस्तकांची भाषा पुण्या-मुंबईकडची. आपली पोरं बकरी म्हणतात, पुस्तक शेळी म्हणतं. एका पानावर आईच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मी "कोथिंबीर" वाचलं आणि वर्ग गप्प. मग एक जण म्हणाला, "मॅडम, तो तं सांबार आहे!" सगळे हसले, मीही. त्या दिवशी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहिले: सांबार, कोथिंबीर. पुढे आलू-बटाटा, फल्ली-शेंगदाणा, कोहळं-भोपळा अशी जोड्यांची यादीच झाली. मुलाचा शब्द चूक ठरवला की ते पुढच्या पानावर बोलत नाही. हे मी अनुभवानं सांगते, कारण आधी मी तेच करत होते.

गोष्ट पाठ झाली की मुलं सांगतात ते वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं उतरवते. "बकरी काहून पळाली?" एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या 'काहून'वर बोट ठेवलं. मी खाली 'का पळाली?' लिहून दाखवलं, विषय संपला. पण त्याच 'काहून'मधून आमचा 'का' आला, मग कावळा, काकडी, काका. स्वतः बोललेलं वाक्य मूल आनंदानं परत-परत वाचतं.

मात्र पुस्तकं वाचून दाखवली की मुलं आपोआप वाचायला लागतात, असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं यांचा रोजचा वेगळा वेळ लागतोच. चित्रपुस्तकानं शब्द वाढतात, बोलणं वाढतं आणि अक्षरं शिकायची कशासाठी हे कळतं.

सोबतच्या शिक्षकांना सांगा की २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारतमध्ये, म्हणजे लहान मुलांना लिहिता-वाचता यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानात, मौखिक भाषाविकासही येतो. पाठाच्या टाचणात तेच दोन शब्द लिहा, पुढे कोणी काही विचारत नाही.

संच संपला तर: ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं देखणी असतात. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. त्यांच्या वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, पहिलीला पहिल्या दोन पुरतात. त्यांचा परवाना खुला आहे, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून शब्द बदलायलाही मुभा आहे. मी दोन गोष्टी आपल्या नागपुरी बोलीत करून छापून घेतल्या. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तकं बघा, आणि तसंही भोपाळ आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे.

शेवटचं, कपाटाचं. मी आधी ज्या शाळेत होते तिथं पुस्तकं कुलपात असायची. फाटली तर भरून कोण देणार, ही भीती. आता मी वर्गात सुतळी बांधली आहे, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवते, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. फाटतात, हो. सेलोटेप लावू नका, वर्षभरात पिवळी पडून सुटते, कापडी पट्टी लावा. शेळीच्या पुस्तकाचं शेवटचं पान तर दोनदा गेलं. दुसऱ्यांदा मुलांनीच नवीन काढून चिकटवलं. मूळ चित्रात शेळी गोठ्यात उभी होती. आमच्या पानावर बकरी ठेल्यावर तर्री-पोहे खातेय आणि ठेलेवाला पैसे मागतोय.