कर्ज पाच वर्षांचं, दात दोन वर्षांचे

एका वाचकाचं पत्र : ‘माझ्या 60 मेंढ्या आहेत. चाळीस मेंढ्यांचा एक कळप तरुण मेंढीच्या 65 टक्के भावात मिळतोय. बऱ्याच जणींचे पुढचे दोन-तीन दात पडलेत, सहा जणींचा जबडा सुजलाय, बाकी ठणठणीत. पाच-सहा वेतं सहज मिळतील. मुदत ठेव मोडू की पाच वर्षांचं कर्ज काढू? हिरड्यांना लावायच्या पावडरीचं वार्षिक पॅकेज आधीच घेतलंय, त्याने दात परत घट्ट होतात, त्यामुळे ती काळजी नाही.’

विचारलेल्याचं उत्तर आधी. तरुण मेंढीची किंमत 100 धरा. चाळीस मेंढ्यांचे झाले 2,600. कर्जाचं व्याज ठेवीपेक्षा चार टक्के जास्त असलं, तर पहिल्या वर्षाचा फरक शंभरेक. एका मेंढीचा प्रश्न आहे, आणि तो दरवर्षी लहान होत जातो.

खरा घोटाळा ‘पाच-सहा वेतं’ या आकड्यात आहे. मेंढीला वर पुढचे दात नसतातच. खालचे आठ दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात धरून ती गवत तोडते. साधारण चार वर्षांची होईपर्यंत आठही कायमचे दात येतात. त्यानंतर पडला तो गेला. हिरडीच्या कडेला जिवाणू साचतात, हिरडी दात सोडते, फटीत चारा कुजतो, आतलं हाड झिजतं. दात आधी लांब दिसतो, मग हलतो, मग पडतो. झिजलेलं हाड पावडरीने भरून येत नाही. तुमच्या पॅकेजचे मेंढीमागे 5 धरले तरी साठ मेंढ्यांचे वर्षाला 300 होतात. दरवर्षी तीन तरुण मेंढ्या तुम्ही त्या विक्रेत्याला देताय! पुढचा हप्ता भरू नका. दात घासून सारखे करून देणारा कुणी आला तर त्यालाही दारातूनच परत पाठवा.

आता हिशेब. तरुण मेंढी 100 ला घेतली, पाच वेतांनंतर 45 ला विकली : वेतामागे 11. ही दात पडलेली 65 ला घेतली, दोन वेतं मिळाली आणि 45 ला गेली, तर वेतामागे 10. इथवर सौदा बरा वाटतो, आणि विकणाराही इथेच थांबतो. पण पोट न भरलेली मेंढी वाळते, दूध कमी देते, कोकरं अशक्त राहतात, आणि वाळलेल्या मेंढीला 45 कोण देणार? 30 आले तर वेतामागे 17-18. वरचा खुराक वेगळाच. शिवाय तिसऱ्या वर्षापासून हप्ते भराल ते गोठ्यात नसलेल्या मेंढ्यांचे.

त्या सहा जणींचं प्रकरण निराळं. पुढचे दात गेले तर कापलेल्या चाऱ्यावर मेंढी निभावून नेते. (गाय जिभेने गवत ओढते, तिचं तर आणखी सोपं.) दाढा गेल्या की रवंथच बिघडतो, मग गायही निभावत नाही. सूज मऊ आणि जबड्याखाली लोंबती असेल तर जंतांचाही संशय घ्या. कडक आणि हाडाला धरून असेल, गालात चारा अडकत असेल, अर्धवट चघळलेले गोळे खाली पडत असतील, तर दाढेच्या मुळाशी दुखणं आहे. पशुवैद्यकाला सौद्याआधी दाखवा, नंतर नाही.

आणि स्वतःच्या साठ मेंढ्यांचे ओठ उघडून बघा. त्यांचे दात कितव्या वर्षी पडतात? तुमच्याकडे पाचव्या वर्षीच पडत असतील, तर मी तरुण मेंढीला धरलेली पाच वेतंही जास्तच आहेत.

तेव्हा कर्ज नको. ठेवीतले लागतील तेवढेच पैसे काढा आणि आठही दात शाबूत असलेल्या किंवा वयाने लहान, अजून चार-सहाच कायमचे दात आलेल्या तेवढ्या निवडून घ्या. मालक ‘घ्यायच्या तर सगळ्या’ म्हणाला तर एकही घेऊ नका.