इंग्रजीचे उच्चार, शब्द आणि व्याकरण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात सात रस्ता म्हणा, नवी पेठ म्हणा, जिकडे बघावं तिकडे ‘फाडफाड इंग्रजी’चे फलक लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ पत्रं येतात. प्रश्न दर वर्षी तेच, कारण ऐकीव माहितीही तीच फिरत असते. म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘ॲन युनिव्हर्सिटी’ की ‘अ युनिव्हर्सिटी’?

‘अ युनिव्हर्सिटी’. लिहिलेलं अक्षर नव्हे, कानावर पडणारा पहिला ध्वनी बघा. इथे तो ‘य’ आहे. उलट ‘ॲन आवर’, ‘ॲन एमबीए’.

प्रश्न : ‘आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स टेन इयर्स’ यात चूक काय?

दोन चुका आहेत. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सोलापूर फॉर टेन इयर्स’ असं हवं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स 2015’, काळ किती लोटला ते सांगायचं तर ‘फॉर’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, तिथेच घोळ होतो.

प्रश्न : टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात आहे. फोनवर ‘वीव्हिंग’ म्हटलं की परदेशी ग्राहक दोनदा विचारतात.

या एकाच शब्दात इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी आहेत आणि आपण दोन्ही एका मराठी ‘व’वर भागवतो. आपला ‘व’ त्यांच्या मधोमध पडतो : ओठ पुरते गोल होत नाहीत आणि दातही ओठाला घासत नाहीत.

आरसा घ्या. पहिला ध्वनी डब्ल्यूचा. ‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करा आणि तिथून ‘ई’कडे या : ऊ-ई. दात कुठेही लागता कामा नयेत. दुसरा व्हीचा. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि आवाज काढत दोन सेकंद धरा. ओठाला थरथर जाणवली पाहिजे. दोन्ही वेगवेगळे जमले की मगच सावकाश जोडा. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो, पण त्यातला ‘ह’ म्हणायचा नसतो. तिथे हवा सोडली की ध्वनी सैल पडतो. शिवाय व्ही जमला की लोक तोच सगळीकडे लावतात आणि ‘वॉटर’चंही ‘व्हॉटर’ होतं. म्हणून वाइन–व्हाइन, वेस्ट–व्हेस्ट अशा जोड्या रोज दहा मिनिटं, दोन आठवडे म्हणा. तरीही ग्राहक पुन्हा विचारत असतील तर ध्वनिशास्त्र शिकलेल्या शिक्षकांसमोर बसून बोलून दाखवा. ओठांची ठेवण पत्रातून तपासता येत नाही.

प्रश्न : ‘हॅवन्ट यू ईटन?’ असं कोणी विचारलं आणि मी जेवलो नसेन, तर येस की नो?

नो. मराठीत आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतो, तिथे ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतं. इंग्रजीत येस-नो वस्तुस्थितीला असतं. जेवला असाल तर येस, नसाल तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो.

प्रश्न : नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलने मराठीत उच्चार लिहिते. गाइडमध्येही तसंच छापलेलं असतं. सगळं पाठ आहे, तरी वॉर्डात मॅडमना माझं बोलणं कळत नाही.

ती पेन्सिल आजच बाजूला ठेवा. तुमचा दोष नाही. असली गाइडं छापून विकणाऱ्यांचा आहे. देवनागरी ध्वनी चांगले टिपते, पण इंग्रजी शब्दाचा कणा म्हणजे आघात, म्हणजेच जोर, आणि तो या लिपीत दिसतच नाही. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर येतो : तो लांबतो, मोठ्याने आणि वरच्या पट्टीत उच्चारला जातो. बाकीचे आक्रसतात आणि त्यांतल्या स्वरांचा बहुधा पुसटसा ‘अ’ किंवा ‘इ’ होतो. ऐकणारा शब्द ओळखतो तो बराचसा या जोरावरून. जोर चुकला की बाकी ध्वनी बरोबर असूनही तो गोंधळतो.

‘फोटोग्राफ’ घ्या. जोर ‘फो’वर. ‘फोटोग्राफी’ असं गाइड लिहितं, पण प्रत्यक्षात तो ‘फटॉग्रफी’ असतो, जोर ‘टॉ’वर. ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर आणखी पुढे सरकून ‘ग्रॅ’वर जातो. मूळ एकच, पण जोराच्या तीन जागा, आणि गाइडमध्ये तिन्ही सपाट. तुमच्या वॉर्डातले शब्द बघा : ‘टेम्परेचर’मध्ये जोर ‘टेम’वर, ‘थर्मॉमीटर’मध्ये ‘मॉ’वर, ‘डायबीटीज’मध्ये ‘बी’वर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि तेव्हा सुरुवातही ‘रि’ अशी होते.

थोडा आधार मिळतो. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधी येतो : इन्जेक्शनमध्ये ‘जेक’, डायबेटिकमध्ये ‘बे’, ॲक्टिव्हिटीत ‘टि’. अपवाद आहेतच, ‘पॉलिटिक्स’मध्ये जोर ‘पॉ’वर आहे.

आता सराव. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा ऑनलाइन शब्दकोश मोफत आहे. त्यात उच्चारलिपीत एक छोटी उभी खूण असते. जोराचा अवयव त्या खुणेच्या नंतर येतो, आधी नव्हे. पुष्कळ जण इथेच उलटं वाचतात. शब्द तीनदा नुसता ऐका, तोंड बंद ठेवून. चौथ्यांदा जोराच्या जागी टेबलावर टिचकी मारा. मग म्हणा, लगेच वाक्यात घाला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा. वहीत शब्द इंग्रजीतच लिहा आणि जोराच्या भागाला गोल करा. दिवसाला पाच शब्द पुरेत, वॉर्डात ज्यांची गरज पडते ते आधी. या सदरात मलाही देवनागरीच वापरावी लागते, तेव्हा इथले शब्दसुद्धा ऐकून घ्या. पंधरवड्याने ते रेकॉर्डिंग कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ऐकवा. आपल्याच कानाला आपली चूक लवकर पटत नाही.

प्रश्न : मुलीला मास्टर्ससाठी परदेशी जायचं आहे. क्लासवाले म्हणतात, ब्रिटिश ॲक्सेंटशिवाय आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड (म्हणजे गुण) मिळत नाहीत. वेगळा कोर्स आहे, फी आगाऊ.

भरू नका. या परीक्षेत बोलण्याचे चार निकष आहेत : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चौघांना सारखंच वजन. उच्चारात बघतात ते बोलणं सहज कळतं का, हे. ब्रिटिश ढब हा निकष नाही. निकषांचा तक्ता अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो घेऊन जा आणि ‘ॲक्सेंट कुठे लिहिलाय ते दाखवा’ असं क्लासवाल्यांना विचारा. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांची असते. निकाल साधारणपणे 2 वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून घाईने परीक्षा देऊन ठेवू नका, पण अर्जाच्या तोंडावरही ढकलू नका. एकूण किती बँड आणि प्रत्येक विभागात किमान किती, हे विद्यापीठ ठरवतं. आधी त्यांना ईमेल करा.

प्रश्न : पाच हजार शब्दांचं पुस्तक आणलं आहे. रोज पन्नास पाठ करतो, आठवड्यात विसरतो.

विसरणारच. बंगालमध्ये शिकवण्याचं काम केलेल्या मायकल वेस्ट यांनी 1953 साली जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात सुमारे 2000 मूळ शब्द होते, आणि रोजच्या मजकुराचा मोठा भाग त्यांतच भागतो. आधी तेवढे पक्के करा. तेही सुटे नकोत, जोडीने हवेत. आपण परीक्षा ‘देतो’. इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. पंखा ‘क्लोज’ होत नाही, ‘टर्न ऑफ’ होतो. चूक ‘मेक’, होमवर्क ‘डू’, मराठीत दोन्ही ‘करणं’च. रोज आठ-दहा शब्द पूर्ण वाक्यासह लिहा आणि दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने वही झाकून आठवा. कुठली जोडी बरोबर, अशी शंका आली तर शिक्षकांना विचारा, अंदाज नको.

प्रश्न : पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू, गल्लीत मराठी. मुलगा साडेचार वर्षांचा. शाळा म्हणते, घरीही इंग्रजीच बोला. त्याचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही. नातेवाईक म्हणतात, जीभ जड आहे, शाळेत गेला की सुधारेल.

घरची तेलुगू अजिबात बंद करू नका. तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यातच मुलाला भरघोस बोलणं, गोष्टी, प्रश्न मिळतात. मोडक्या इंग्रजीत ते मिळत नाहीत. दोन-तीन भाषांमुळे बोलणं बिघडतं, ही समजूत चुकीची आहे.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बहुतेक कळायला हवं. ‘र’ उशिरा येतो, त्याची चिंता नको. पण एकूण बोलणंच कळत नसेल तर वाट बघणं हीच चूक आहे. कोणाच्या सांगण्यावरून जिभेखालची शीर कापून घेऊ नका. आधी कानाची तपासणी, कारण कमी ऐकू येणारी मुलं ध्वनी अर्धेच उचलतात. शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात याच आठवड्यात दाखवा, श्रवणचाचणी करा आणि तो अहवाल घेऊन वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा. मूल घरी कसं बोलतं याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, तेलुगूत, सोबत न्या.