चौदा नावं आणि बारा लाल फुल्या

डोंबिवलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला नॅनोइलेक्ट्रॉनिक्स आणि द्विमितीय पदार्थ (जेमतेम एक-दोन थरांइतके पातळ पदार्थ) या विषयात पीएच.डी. करायची आहे. मुंबईतल्याच एका संस्थेतल्या ज्या संशोधन ग्रुपमध्ये ती सध्या प्रोजेक्टसाठी जाते, तिथेच तिला पुढे राहायचं आहे. वडिलांनी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या १४ जणांची चौकशी केली आणि वहीत प्रत्येकापुढे खूण केली. दोघे प्राध्यापक झाले, त्यांना हिरवी टिक. बाकी १२ जणांना लाल फुली. त्यांचं म्हणणं असं, की "हे सगळे भरकटले. तिला कॅम्पसमधून साडेतीन लाखांची आयटीची नोकरी मिळते आहे. ती घेऊन बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं तुम्ही तिला समजावा. मी पत्र लिहिल्याचं तिला कळू देऊ नका."

नमस्कार.

तुमचं पत्र अडीच पानांचं आहे आणि मी ते दोनदा वाचलं. त्यात त्या १४ जणांबद्दल सगळं आहे. कोण कुठे आहे, कोणाला किती वर्षं लागली, कोणाचं लग्न झालं, कोणाचं राहिलं. तुमच्या मुलीच्या तोंडचं मात्र एकही वाक्य नाही. ती या विषयाकडे कशी वळली, घरी त्याबद्दल काय बोलते, यातलं काहीच नाही. "तिची आई तिच्या बाजूने आहे, पण तिला यातलं काही कळत नाही", या एका ओळीत तुम्ही घरातल्या दोघींचा निकाल लावून टाकला आहे. तिच्या मार्कांची मला काळजी नाही, परीक्षांचीही नाही. काळजी वाटली ती या ओळीची.

दुसरी गोष्ट स्पष्ट सांगावीच लागेल. त्या १४ पैकी दोघांच्या घरी तुम्ही स्थळाच्या निमित्ताने फोन केलात, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या आईवडिलांनी मुलाचा पगार, कंपनी, व्हिसा सगळं विश्वासाने सांगितलं असेल. फोन ठेवल्यावर घरात चर्चा झाली असेल, पुढच्या फोनची वाट बघितली असेल. हे बरोबर केलं नाहीत तुम्ही. लॅबचं जग फार लहान असतं, जुने-नवे विद्यार्थी एकमेकांच्या संपर्कात असतात. उद्या तुमची मुलगी तिथे रुजू झाली आणि ही गोष्ट बाहेर आली, तर पहिल्या दिवसापासून तिला खाली मान घालून वावरावं लागेल. त्या दोन्ही घरी पुन्हा फोन करा आणि खरं काय ते सांगा. लाज वाटेल, पण करा.

आता तुमच्या वहीकडे येते. मला तुमची यादी आवडली, हे मनापासून सांगते. पीएच.डी.ला जाण्याआधी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत हे बघावं, असं मी प्रत्येकाला सांगते आणि दहातला एखादाच ते करतो. तुम्ही ते चिकाटीने केलंत. चुकल्या त्या खुणा.

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकी आणि प्राध्यापक झाला नाही तो वाया गेला, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की शिकलेल्या घरांतही तो कोणी तपासत नाही. साधा हिशोब करा. एक गाइड तीस वर्षांच्या नोकरीत समजा वीस विद्यार्थी घडवतो. तो निवृत्त होतो तेव्हा जागा रिकामी होते एकच. नवी कॉलेजं निघाली, नव्या संस्था आल्या, असं धरलं तरी वीसच्या वीस जणांना प्राध्यापकाची खुर्ची मिळणं शक्यच नाही. कुठल्याच देशात मिळत नाही. म्हणजे बहुतेकांनी दुसरीकडे जाणं हे त्या शिक्षणात धरलेलंच आहे. तुमच्या यादीत पाच जण चिप बनवणाऱ्या किंवा त्यासाठी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत, एक परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतो आहे, एक पेटंटचं काम करते, एक बँकेत डेटाचं काम करतो, एक शाळेत शिकवते. यातल्या कोणालाही मी लाल फुली दिली नसती. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना तर मुळीच नाही. ज्या वर्गात अणू शिकवताना शिक्षकाने तो प्रयोगशाळेत हाताळलेला असतो, त्या वर्गातल्या मुलांचं नशीब चांगलं.

तुम्ही वैतागून लिहिलं आहे, "दिवसभर चिकटपट्टी लावते आणि काढते, आणि सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसते. हे काय शिक्षण?" काही वर्षांपूर्वी याच विषयात काम करणारी एक मुलगी माझ्यासमोर बसून मला ते काम समजावून देत होती, म्हणून तुम्हाला सांगू शकते.

मोलिब्डेनम डायसल्फाइड नावाचा पदार्थ असतो. गॅरेजमध्ये काळं ग्रीस असतं, त्यातही तो घालतात. वहीच्या पानांसारखे त्याचे थर एकमेकांवर सैल बसलेले असतात. चिकटपट्टीने ते सोलायचे, पुन्हा सोलायचे, आणि जांभळट दिसणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर दाबायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा इंच इंच पालथा घालायचा. जाड तुकडे चकचकीत दिसतात, ते उपयोगाचे नाहीत. हवा असतो तो जेमतेम जाणवणारा फिकट डाग. तो एकच थर असतो, ०.६५ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण लाखावा भाग. तो खरोखर एकच थर आहे का, हे रामन वर्णपटावर, म्हणजे त्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखावर, तपासायचं. सी. व्ही. रामन यांचाच तो शोध, ज्याला १९३० चं नोबेल मिळालं. त्या आलेखातली दोन शिखरं पुरेशी जवळ आली, की समजायचं एकच थर सापडला. पुढे त्यावर इलेक्ट्रॉन झोताने नकाशा काढायचा, धातूचे जोड द्यायचे आणि मग कुठे मोजमाप. त्या मुलीने मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा लावायचा राहिला म्हणून सहा आठवड्यांचं काम बोटातल्या स्थिर विजेने एका क्षणात जळालं होतं. सांगताना तिचे डोळे भरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा टेप घेऊन बसली होती.

याच चिकटपट्टीने २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच थर, वेगळं केलं. २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं. नोव्होसेलोव्ह हा गाइमचाच पीएच.डी.चा विद्यार्थी, तेव्हा ३६ वर्षांचा. तुमच्या मुलीला नोबेल मिळेल म्हणून हे सांगत नाही. तुमच्या घरातली मुलगी दिवसभर पोरखेळ करत नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

"उद्या ग्राफीनची लाट ओसरली तर?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. लाट एकदा ओसरलीही. ग्राफीनमध्ये बँडगॅप, म्हणजे वीज थांबवायला लागणारी ऊर्जेची दरी, नसतो, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला विजेचा खटका, नीट बंदच होत नाही, आणि बंद न होणारा खटका हिशोबाच्या चिपमध्ये चालत नाही. मग लोक मोलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळले. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रुपने त्याच्या एका थराचा ट्रान्झिस्टर करून दाखवला. पदार्थ बदलला, पण ग्राफीनवर हात बसलेले लोक बेकार झाले नाहीत, कारण क्लीनरूम (चिपच्या कामाची धूळमुक्त खोली) तीच होती, यंत्रं तीच, मोजण्याची पद्धत तीच. विद्यार्थ्याच्या हातात राहतं ते हे.

आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण तुमच्या मुलीला कदाचित कोणी सांगणार नाही. भारतात "द्विमितीय पदार्थ" नावाची नोकरी आज नाही. धोलेऱ्याला टाटांचा ९१,००० कोटींचा जो कारखाना २०२४ मध्ये मंजूर झाला, तो सिलिकॉनचा आहे. साणंदला मायक्रॉनचं काम चिपची जोडणी आणि चाचणी करण्याचं आहे. तिथे तिला कोणी घेईल ते लिथोग्राफी (चिपवर नक्षी उमटवणं) येते, एचिंग (नको तो भाग कोरून काढणं) येतं, बिघडलेल्या उपकरणाचं कारण शोधता येतं म्हणून. तेव्हा पाच वर्षांत फक्त टेप आणि सूक्ष्मदर्शक झालं तर अडचण होईल. प्रक्रियेची जितकी यंत्रं शिकता येतील तितकी तिने शिकावीत, ज्या यंत्रांवर ग्रुपमधले बाकीचे जायला कंटाळतात त्यांवरसुद्धा.

पैशाचं एका दमात सांगते. साडेतीन लाखांच्या नोकरीशी तुम्ही तुलना केली आहे. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याला मिळणारी सरकारी फेलोशिप, २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. दोन वर्षांनी ती ४२,००० होते. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप (पीएमआरएफ) मिळाली तर सुरुवातच ७०,००० पासून. फेलोशिप कधी कधी रखडते, ते गृहीत धरून तीन-चार महिन्यांचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. पण "पाच वर्षं बापाच्या जिवावर" हे तुमचं वाक्य आकड्यांना धरून नाही.

परीक्षांचं काय, नेट, गेट, जेस्ट, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता मूळ मुद्दा. १४ मधल्या तिघांवर तुम्ही लाल फुली मारली आणि कंसात फक्त "सोडून गेले" लिहिलंत. मला बाकी ११ जणांपेक्षा हे तिघे महत्त्वाचे वाटतात. का सोडलं? कितव्या वर्षी? पहिल्या वर्षात सोडलं असेल तर विषय मानवला नाही, एवढंच असू शकतं. चौथ्या-पाचव्या वर्षी सोडलं असेल, आणि एकापेक्षा जास्त जणांनी, तर मी सरळ सांगेन की या ग्रुपमध्ये जाऊ नकोस, विषय कितीही आवडीचा असला तरी. गाइड महिनोन्महिने भेटत नाहीत, पेपरवर पहिलं नाव दुसऱ्याचंच लागतं, यंत्र बंद पडलं की सहा महिने कोणी विचारत नाही, रात्री एकट्या मुलीला लॅबमध्ये थांबावं लागतं, ही कारणं कुठल्याही यादीत लिहिलेली नसतात. ती बाहेर पडलेला माणूस सांगतो, तेही नीट विचारलं तर. तुम्ही पगार विचारलात, म्हणून पगार कळला.

ज्यांनी पूर्ण केलं त्यांनाही विचारायचं ते वेगळं आहे. थीसिस द्यायला खरोखर किती वर्षं लागली. मधे गाइडशी वाजलं का, वाजल्यावर काय झालं. नोकरीसाठी शिफारसपत्र मागितलं तेव्हा ते वेळेत मिळालं का. आणि सगळ्यात शेवटी, आज पुन्हा निवड करायची झाली तर याच ग्रुपमध्ये याल का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो, तेही ऐकायचं असतं.

आणि हे विचारायचं तिने, तुम्ही नाही. पाच वर्षं त्या लॅबमध्ये ती काढणार आहे. वडिलांचा फोन आला की समोरचा माणूस सगळं छान-छान सांगतो. तिचा फोन गेला तर एखादी ताई खरं बोलेल. तेव्हा तुमच्या विनंतीप्रमाणे मी तिला काहीही समजावणार नाही. तुम्ही वही तिच्या हातात द्या, पत्र लिहिल्याचंही सांगा. त्यानंतर तिला माझ्याशी बोलायचं असेल तर तिने स्वतः वेळ घ्यावी. हा ग्रुप नाही जमला, तरी विषय संपत नाही. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा इतर संस्थांतल्या संशोधकांना वापरता याव्यात म्हणून आयएनयूपी नावाची योजना सुरू झाली, तिची चौकशी तिने करावी. म्हणजे गाइड एका ठिकाणी आणि क्लीनरूम दुसऱ्या ठिकाणी, असंही काम होतं.

पत्राच्या अगदी शेवटी, सही करण्याआधी, तुम्ही एक ओळ लिहिली आहे. पुढच्या मे महिन्यात तुम्ही निवृत्त होताय, फ्लॅटचं कर्ज सहा वर्षं बाकी आहे आणि धाकटा बारावीला आहे. मला वाटतं, तुमचं खरं पत्र तेवढंच आहे. ही भीती खरी आहे आणि तिच्यात कमीपणाचं काही नाही. पण तुम्ही ती मुलीला सांगितलेली दिसत नाही. तिला तुम्ही सांगताय "या विषयाला भविष्य नाही", आणि ती त्याचं उत्तर शोधत बसली आहे. तिला हप्ता सांगा, पेन्शन किती बसेल ते सांगा. फेलोशिपमधून ती घरी किती देऊ शकेल, धाकट्याच्या फीच्या वेळी काय करायचं, हे आईला बरोबर घेऊन तिघांनी एका संध्याकाळी कागदावर मांडा. कदाचित ती म्हणेल, दोन वर्षं नोकरी करते आणि मग जाते. तेही चालेल, फक्त तो निर्णय तिचा असू दे. कदाचित ती म्हणेल, महिन्याला दहा हजार देते. मग तुम्हाला ऐकावं लागेल.

फोन कुठून सुरू करायचे असं तिने विचारलं, तर तुमच्या यादीतलं अकरावं नाव दाखवा. सोडून गेलेल्यांतली पहिली मुलगी, आता पुण्याला आहे असं तुम्ही लिहिलं आहे. रविवारी सकाळी, आधी मेसेज टाकून, स्वतःचं खरं नाव आणि खरं कारण सांगून.