विज्ञानकथेतलं बदनाम यंत्र वाचकाला पटेल असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न असा: किशोरांसाठी विज्ञानसाहसकथा लिहायची आहे, दोन पुणेकर मुलं आहेत आणि सगळं शहर घाबरतं असं एक बुद्धिमान यंत्र आहे. यंत्र दुष्ट नाही, लोकांचाच गैरसमज झालाय, हे पटवायचं कसं?

यंत्राला प्रेमळ स्वभाव आणि गोड आवाज देऊन ते पटत नाही. गैरसमज त्याच्या रचनेतून निघाला पाहिजे. त्याला काय दिसतं, काय दिसत नाही आणि नेमकं काय करायला सांगितलंय, हे पहिलं वाक्य लिहिण्याआधी ठरवा आणि मग कथेच्या सोयीसाठी बदलू नका. खऱ्या जगातही असंच होतं. २०१७ मध्ये फेसबुकच्या दोन चॅटबॉट्सनी गुप्त भाषा तयार केली आणि घाबरून ते बंद केले, अशा बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात त्यांना वस्तूंची वाटाघाट शिकवली जात होती. चांगल्या सौद्याला गुण होते, पण माणसाला कळेल असं बोलण्याला नव्हते, म्हणून तेच तेच शब्द फिरून येऊ लागले. संशोधकांनी अट बदलली, इतकंच.

पुण्यात कथा घडवायची तर मी खडकवासला धरणाचे दरवाजे सांभाळणारं यंत्र निवडेन. धरणांची साठवण क्षमता बघा: पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, आणि या तिन्हींचं पाणी जिथे येतं ते खडकवासला जेमतेम १.९७. गैरसमजाचं बी इथेच आहे. समजा रात्री दहाला खडकवासल्यात १ टीएमसी जागा रिकामी आहे आणि वरून २० हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला २० हजार घनफूट, पाणी येतंय. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे ५० हजार सेकंद, चौदा तासांना थोडे कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत धरण तुडुंब. पुढे एकदम मोठा लोंढा सोडावा लागू नये म्हणून यंत्र रात्री दोनलाच ८ हजार क्युसेक सोडायला लागतं. पाऊस टेमघरच्या घाटात कोसळतोय, खाली शहरात डेक्कनला मात्र रस्ते कोरडे. नदीपात्रात लावलेल्या गाड्यांत पाणी शिरतं आणि सकाळी शहर म्हणतं, यंत्राचं डोकं फिरलं.

या लोकांना मूर्ख दाखवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. ते पाणी लहानपणी पाहिलेली एखादी आजी कथेत असू द्या. तिच्या भीतीला कारण आहे, आणि ते मुलांनाही खोडता येता कामा नये.

मुलांपैकी एक नारायण पेठेतला आणि दुसरी टेमघरजवळच्या गावातली असेल तर निम्मं काम झालं. दोघं फोनवर एकाच वेळी दोन वेगळी आभाळं सांगतात, आणि यंत्र काय बघून निर्णय घेतं ते त्यांना सगळ्यांआधी उमगतं. लिहिताना वहीत तीन रकाने आखा: वेळ, यंत्राला काय कळलं, लोकांना काय दिसलं. दुसऱ्या रकान्यात नसलेली गोष्ट यंत्राला कधीही माहीत असता कामा नये. बहुतेक कथा इथेच फसतात. लेखक अडकला की यंत्र अचानक सर्वज्ञ होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा यंत्र बरोबर होतं, दुसऱ्या प्रसंगात त्याला खरोखर चुकू द्या. टेमघरच्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून पाणी दोन छोट्या पळ्यांच्या झुल्यावर पडतं. ०.२ मिलिमीटर पाऊस झाला की पळी कलंडते, एक टिक मोजली जाते. तासाला २० मिलिमीटर पावसाला सरासरी ३६ सेकंदांनी एक टिक, पण खऱ्या पावसात त्या कधीच सारख्या येत नाहीत: चार भराभर, मग खंड, मग पुन्हा सर. नरसाळ्यात कुजलेली पानं आणि कुंभारीण माशीचं मातीचं घरटं अडकलं, की पाणी वर साचतं. ऐन पावसात नोंद कमी होते आणि पाऊस थांबल्यावर साचलेलं ठिबकत राहतं, जवळजवळ सारख्या अंतराने, हळूहळू मंदावत. यंत्र आधी कमी सोडतं, मग उघडिपीतही सोडत राहतं. नोंदीतला हा सारखेपणा पेठेतल्या मुलाला खटकू द्या, आणि नरसाळ्यापर्यंत चढून जाऊ द्या गावातल्या मुलीला. कॉम्प्युटर हॅक करण्याच्या प्रसंगापेक्षा हे कितीतरी थरारक आहे, कारण वाचक स्वतः कोडं सोडवू शकतो.

मैत्रीही इथेच खरी होते. आपण ज्याची बाजू घेतली ते यंत्र या वेळी चुकलंय, हे मुलांनी सगळ्यांसमोर सांगायचं आणि तरीही त्याला बंद होऊ द्यायचं नाही. यंत्राने "धन्यवाद मित्रांनो" म्हणू नये. साफ केलेल्या मापकाची नोंद ते पुन्हा धरू लागतं, पुढच्या वेळी सारख्या अंतराच्या टिका आल्या की निर्णयाआधी मुलीला विचारतं, तिथे पाऊस आहे का? बाकी संवाद आखूडच ठेवा.

शेवटी यंत्राचा बळी देऊ नका, ती पळवाट आहे. त्याऐवजी मुलांना एक लहानसा बदल मिळवू द्या: विसर्गाच्या सूचनेत आतापर्यंत फक्त वेळ आणि क्युसेक होते, तिथे कारणाची एक ओळ वाढते. "टेमघरला तीन तासांत इतका पाऊस, म्हणून आत्ता सोडतोय." ती ओळ काय असावी यावरून मुलं आणि धरणावरचे अभियंते भांडतील, तो प्रसंग सविस्तर लिहा.