व्हॅलेन्सियाला येताय, तर स्पॅनिश मराठीतून शिका

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याहून व्हॅलेन्सियाला यायचंय, सोबत पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा. दोघांचंही इंग्रजी उत्तम, मग स्पॅनिशची खरंच गरज आहे का, आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर रोज वीस मिनिटं केलं तर किती महिन्यांत बोलता येईल? मी इथे नऊ वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गरज आहे. ऑफिसात तुमचं इंग्रजीवर निभेल, पण घर ऑफिसात नसतं. आल्या आल्या नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात. मुलाच्या शाळाप्रवेशाला, सरकारी दवाखान्याच्या कार्डाला तोच कागद लागतो, आणि खिडकीपलीकडचा माणूस बहुतेक वेळा फक्त स्पॅनिश बोलतो. तिथे आपल्या नावाचा घोळ ठरलेला, तेव्हा आधीच सांगून ठेवते. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. आपलं मधलं नाव दिसलं की ते पहिलं आडनाव समजून तसंच लिहून टाकतात. मला दवाखान्यात जवळजवळ दोन वर्षं वडिलांच्या नावाने हाक मारत होते, आणि ते दुरुस्त करायला चार फेऱ्या घालाव्या लागल्या. पासपोर्ट पुढे ठेवून स्पष्ट सांगा, ‘सोलो तेंगो उन आपेयीदो’, मला एकच आडनाव आहे. हे वाक्य विमानात बसण्याआधी पाठ करा.

आता भाषेकडे येते, कारण मला जे मनापासून सांगायचंय ते इथे आहे. जवळजवळ सगळी अ‍ॅप आणि पुस्तकं स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात. ती इंग्रज माणसाच्या अडचणी सोडवत बसतात, आणि त्यातल्या निम्म्या अडचणी मराठी माणसाला मुळात नसतात. मी पहिलं वर्षभर प्रत्येक वाक्य इंग्रजीत रचून त्याचं स्पॅनिश करत होते. त्यात फार वेळ गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हा एवढा खटाटोप.

‘मे गुस्ता एल ते’ घ्या. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, ‘चहा मला रुचतो’ अशी कसरत करून समजावतात. आपण जन्मभर ‘मला चहा आवडतो’ म्हणत आलोय. तेच वाक्य आहे, ‘मला’सकट. अनेकवचनात आपण ‘आंबे आवडतात’ म्हणतो, तसं ते ‘मे गुस्तान’ म्हणतात. ‘मारियाला पाहिलं’ पण ‘घर पाहिलं’, म्हणजे माणसाला ‘ला’ लागतो आणि वस्तूला लागत नाही. स्पॅनिशमध्येही माणसाआधी ‘आ’ येतो, घराआधी येत नाही. ‘लहानपणी मी आजोळी जायचे’ आणि ‘काल मी आजोळी गेले’ यात आपला कधी गोंधळ होतो का? ‘जायचे’ म्हणजे ‘इबा’, ‘गेले’ म्हणजे ‘फुई’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो, म्हणून इंग्रज विद्यार्थी या दोन भूतकाळांशी महिनोन्महिने झगडतात.

सगळ्यांना ज्याची धास्ती असते तो सुब्हुन्तिव्हो, म्हणजे इच्छा, विनंती वगैरे सांगताना बदलणारं क्रियापदाचं रूप, तोसुद्धा आपल्याकडे आहे. ‘तू येतोस’ म्हणजे ‘बिएनेस’. ‘तू यावंस असं मला वाटतं’ म्हणजे ‘क्येरो के बेंगास’. येतोस आणि यावंस यांत जो फरक, बराचसा तोच बिएनेस आणि बेंगासमध्ये. प्रत्येक ठिकाणी तंतोतंत जुळणार नाही, पण इच्छा, विनंती, सूचना यांत ‘यावं, करावं, बसावं’ असं मनात आलं की बहुतेक वेळा सुब्हुन्तिव्हो वापरून मोकळं व्हा.

मला हे कळलं ते एका फळांच्या दुकानात. इथे दुकानात रांग दिसत नाही. आत शिरताना विचारायचं, ‘किएन एस ला उल्तिमा?’, शेवटची कोण? एखादी बाई बोट वर करते, आणि तिच्यानंतर आपला नंबर. मी विचारलं, उभी राहिले, आणि माझ्या हातून ऑलिव्हची बरणी फरशीवर पडली. काचा, खारट पाणी, सगळीकडे हिरवी फळं. मी शब्द जुळवत होते, ‘मी बरणी पाडली’, इंग्रजीत म्हणतात तसं. दुकानदारीण फडकं घेऊन आली आणि म्हणाली, ‘नो पासा नादा, से ते आ काइदो.’ काही झालं नाही, तुझ्या हातून पडली. पाडली नाही, पडली. मी तिथे ओल्या चपलांनी उभी होते आणि मला माझी आई बोलल्यासारखं वाटलं. ‘विसरलं’, ‘हरवलं’, ‘तुटलं’ यांनाही हीच रचना चालते. त्या दिवसापासून मी इंग्रजी मधून काढून टाकलं.

उच्चारातही आपण पुढे आहोत. स्पॅनिशचे त आणि द आपलेच, दातांचे. प, त, क म्हणताना हवेचा झोत नको, तेही आपल्याला सवयीने जमतं. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ज्याला ‘भुर्रकन’ म्हणता येतं त्याला पेर्रो म्हणता येतो. पहिला महिना वहीत शब्द देवनागरीत लिहा, कारण स्वर पाचच आहेत आणि ते डळमळत नाहीत. एकच जागा सांभाळा: स्पेनमध्ये ‘ग्राथ्यास’ (धन्यवाद) या शब्दातला थ आपल्या ‘थाळी’तला नाही. जीभ दातांमध्ये ठेवून हवा सोडायची. आपले लोक तिथे घट्ट थ म्हणतात आणि समोरचा पुन्हा विचारतो.

मग इंग्रजी कशाला? शब्दांसाठी. इंग्रजीत ज्या शब्दांच्या शेवटी ‘शन’ येतं, त्यांतले शेकडो स्पॅनिशमध्ये ‘थ्योन’ होतात आणि स्त्रीलिंगी असतात: इन्फोर्माथ्योन, सितुआथ्योन, एस्ताथ्योन. थोडे फसवेही आहेत. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला, ‘एम्बाराथादा’ म्हणजे गरोदर, ‘कार्पेता’ म्हणजे फाइल. काही शब्द तर पोर्तुगीजांच्या कृपेने आपल्या घरातच आहेत. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, ‘खाबोन’ म्हणजे साबण, ‘बाल्दे’ म्हणजे बादली, ‘पाताता’ म्हणजे बटाटा.

मराठी जिथे कामी येत नाही तेही सांगते. आपल्याला ‘आहे’ एक, त्यांना दोन: सेर आणि एस्तार. ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळलाय, ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे. माणूस किंवा वस्तू कुठे आहे हे नेहमी एस्तारने सांगायचं, समारंभ कुठे आहे हे मात्र सेरने. हे नियमाने येत नाही, जोड्या पाठ कराव्या लागतात. लिंग ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे, पण मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. आपला हात पुरुष, त्यांची ‘मानो’ बाई. नाम पाठ करताना ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच पाठ करा.

अहो-जाहोचंही वेगळं आहे. ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही, पण इथे ते आपल्यापेक्षा खूप कमी वापरतात. दुकानात, ऑफिसात, साहेबालासुद्धा ‘तू’ चालतं. खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजींना मी अजूनही उस्तेद म्हणते, आणि त्यांना ते आवडतं.

किती वेळ लागेल? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास धरते, तेही कामापुरती चांगली भाषा येण्यासाठी. रोज वीस मिनिटांनी वर्षाला सव्वाशे तासही होत नाहीत. म्हणून अ‍ॅप फक्त शब्दांसाठी ठेवा. जूनपर्यंत रोज एक तास काढा, त्यातली वीस मिनिटं रेडिओ नॅसिओनाल हा स्पेनचा सरकारी रेडिओ ऐका, समजलं नाही तरी, आणि आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी तोंडाने बोला. पत्नीलाही सोबत बसवा. नोकरी तुमची असली तरी शाळा, दवाखाना, बाजार बहुधा त्यांच्या वाट्याला येईल, आणि भाषेवाचून घरात अडकलेल्या आपल्या बायका मी इथे पाहिल्यात. ते एकटेपण फार वाईट असतं.

आल्यावर एस्कुएला ओफिथ्याल दे इदिओमास या सरकारी भाषाशाळेत नाव घाला. फी खासगी क्लासच्या मानाने खूपच कमी, पण जागा मोजक्या, तेव्हा प्रवेशाच्या तारखांवर डोळा ठेवा. पुढेमागे नागरिकत्वाचा विचार असेल तर भारतीयांना साधारण दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, शिवाय स्पॅनिशची आ-दोस (A2) या प्राथमिक पातळीची परीक्षा आणि राज्यघटना व समाजाविषयी २५ प्रश्नांची एक, त्यात १५ बरोबर यावे लागतात.

व्हॅलेन्सियात आणखी एक भाषा दिसेल, व्हॅलेन्सियन. रस्त्यांच्या पाट्यांवर ती असते, शाळेत मुलाला दोन्ही शिकवतील. त्याची काळजी करू नका, तो वर्षभरात दोन्ही बोलेल. घरी मात्र त्याच्याशी मराठीच बोला.

आलात की एखाद्या शनिवारी सकाळी रुसाफाच्या मंडईत भेटू. फळवाल्याकडे गर्दी असेल, मी मागे उभी राहीन. ‘किएन एस एल उल्तिमो?’ तुम्ही विचारायचं.